जपानीत 'खूप' म्हणायला नक्की कुठला शब्द? तोतेमो, कानारी, दाइबु, केक्को... मदत हवी आहे

पावसाळी_पुणेकर
नमस्कार मंडळी. जपानी भाषेच्या परीक्षेत माझं एन३ झालंय, डिसेंबरला त्यावरची पातळी एन२ द्यायचा विचार आहे आणि गेलं वर्षभर ऑफिसात जपानी क्लायंटशी थेट मेल चालू आहेत. मी वहीत एक शिडी काढून ठेवली होती, सगळ्यात खाली चोत्तो, मग सुकोशी, माआमाआ, केक्को, कानारी, तोतेमो, हिजोनि आणि सगळ्यात वर किवामेते, प्रत्येकापुढे टक्के लिहिलेले. चोत्तो दहा टक्के, केक्को साठ टक्के असं. शब्द निवडताना शिडी बघायची आणि टाकायचा.

गेल्या आठवड्यात क्लायंटकडच्या एका सीनियर माणसाने चाळीस पानांचं डिझाइन डॉक्युमेंट पाठवलं, खरंच छान लिहिलेलं होतं, तर मी उत्तरात लिहिलं "शिर्यो वा केक्को वाकारियासुकात्ता देस". मला म्हणायचं होतं की कागदपत्रं बरीच सोपी करून लिहिली आहेत. मेल गेला आणि पाच मिनिटांत आमच्या ब्रिज इंजिनियर (क्लायंट आणि आमच्यातला दुवा) ताईंचा फोन, त्या सीसीमध्ये होत्या. "असं परत लिहू नकोस, केक्को असं वरच्या माणसाला नाही म्हणायचं" एवढंच बोलल्या कारण त्या मीटिंगमध्ये होत्या. समोरून काहीच वाईट उत्तर आलं नाही, पण तेव्हापासून मला प्रत्येक शब्दाची शंका येतेय. साठ टक्के कौतुक वाईट कसं?

गोदाकाठ
सेम टु सेम प्रॉब्लेम. डिक्शनरी उघडली की कानारीपुढे 'बराच', दाइबुपुढे 'बराच', केक्कोपुढे 'बराच', झुइबुनपुढे पण 'बराच'. मग माणसाने करायचं काय. वाचतेय.

भाषांतरवाली
पुणेकर, तुमची शिडीच अडचण आहे. मी बारा वर्षं जपानी-मराठी-इंग्रजी भाषांतर करतेय आणि माझ्याकडे येणाऱ्या नव्या मुलामुलींकडे ही टक्क्यांची शिडी हमखास असते. हे शब्द 'किती' एवढंच सांगत नाहीत हो, ते 'कशाच्या मानाने' तेही सांगतात. प्रत्येक शब्दाची मोजपट्टी वेगळी आहे, आणि वेगवेगळ्या मोजपट्ट्या एका शिडीवर ठेवल्या की गडबड होणारच.

केक्कोची मोजपट्टी म्हणजे बोलणाऱ्याची अपेक्षा. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त. म्हणजे तुमचं वाक्य त्या सीनियर माणसाला असं ऐकू गेलं की "मला वाटलं नव्हतं, पण तुमचं डॉक्युमेंट तसं समजण्यासारखं निघालं". मराठीतच विचार करा, सासूबाईंनी पुरणपोळी वाढली आणि जावई म्हणाला "बरी झालीय की हो", तर घरात काय होईल? बरी हा शब्द वाईट नाही, पण त्यात आधी शंका होती हे कळतं.

नाकानाका पण याच घरातला. "नाकानाका जोझु देस ने" ('छान जमतंय की') हे शिक्षकाने विद्यार्थ्याला म्हटलं तर शाबासकी, विद्यार्थ्याने शिक्षकाला म्हटलं तर मार्क दिल्यासारखं. वरून खाली चालतं, खालून वर नाही. आणि तोच नाकानाका नकारार्थी क्रियापदाबरोबर आला की अर्थच बदलतो, "बासु गा नाकानाका कोनाइ" म्हणजे बस येता येत नाहीये. आपण म्हणतो ना, काही केल्या येत नाही, तेच.

दाइबुची मोजपट्टी आधीची स्थिती. आजारातून उठलेल्या माणसाला विचारलं तर तो म्हणतो "ओकागेसामादे, दाइबु योकु नारिमाश्ता". म्हणजे 'तुमच्या कृपेने आता बरंच बरं आहे'. कालपासून, गेल्या आठवड्यापासून किती अंतर कापलं ते त्यात आलं. म्हणून एखादं फूल पहिल्यांदाच बघितलं आणि "कोनो हाना वा दाइबु किरेइ देस" (हे फूल दाइबु सुंदर आहे) म्हटलं तर जपानी माणूस गोंधळतो, कशाच्या मानाने? तुलनेला दुसरं काहीच नाही. (दाइबुच्या दोन कांजी, म्हणजे चिनी अक्षरं, आणि क्युशू बेटावरच्या ओइता प्रांताच्या नावाच्या दोन कांजी अगदी त्याच आहेत, तेव्हा बातमीत दिसलं की आधी आजूबाजूचे शब्द बघा.)

कानारी मात्र थोडा तटस्थ. आणि हा शब्द मला फार आवडतो, कारण तो 'का' म्हणजे 'चालेल, पास' या कांजीतून आलाय, मूळ अर्थ 'ठीक आहे'. ठीकवरून बराच. आपला 'बरा' आणि 'बराच' अगदी याच वाटेने गेलेत! म्हणून कानारीला 'बराच' हा मराठी शब्द जितका चपखल बसतो तितका इंग्रजीतला एकही बसत नाही असं माझं मत. 'बराच उशीर झाला' म्हणतो तसं वाईट गोष्टींनाही कानारी चालतो, "कानारी ओकुरेते इमास".

झुइबुनमध्ये बोलणाऱ्याचं आश्चर्य असतं, 'केवढं हे!' असं. "झुइबुन ताकाइ देस ने" यात किंमत जास्त आहे एवढंच नाही, मला ती जरा खटकतेय हेही येतं. आणि आश्चर्य ठरवून करता येत नाही, म्हणून आज्ञेत किंवा विनंतीत तो बसत नाही. पाहुण्याला "झुइबुन ताबेते कुदासाइ" असं 'भरपूर खा' म्हणता येत नाही, तिथे ताकुसान.

पावसाळी_पुणेकर
बापरे. ताई, मनापासून आभार, पुरणपोळीवरून लख्ख कळलं. मग मी काय लिहायला हवं होतं? केक्कोच्या जागी तोतेमो टाकलं की झालं का?

भाषांतरवाली
तोतेमो टाकलं तर डंख जातो. मेलमध्ये ताइहेन अजून बरा दिसतो, "ताइहेन वाकारियासुकात्ता देस". पण मी तिथे थोडी वेगळी वाट घेईन. मोठ्या माणसाच्या कामाला चांगलं-वाईट म्हणणं हेच जपानी ऑफिसात अवघड जातं, शब्द कितीही गोड असू दे. त्यापेक्षा त्यातून मला काय मिळालं ते सांगायचं, "ताइहेन बेंक्यो नि नारिमाश्ता", मला खूप शिकायला मिळालं. सान्को नि नारिमाश्ता असंही पुस्तकात दिसेल, पण तो 'संदर्भाला उपयोगी पडलं' असा थंड लागतो, वरच्या माणसाला बेंक्योच.

तोचिगीची_शेजारीण
केक्कोवरून राहवलं नाही म्हणून लिहितेय. आम्ही सहा वर्षं तोचिगीत राहिलो, तिथे निक्को आहे, तोकुगावा इएयासु या शोगुनचं तोशोगू देऊळ, आज दिसतं ते बांधकाम बरंचसं १६३६ मध्ये पुरं झालेलं. तिथली म्हणच आहे, "निक्को ओ मिझु शिते केक्को तो इउ नाकारे", निक्को बघितल्याशिवाय केक्को म्हणू नका. इथे केक्को म्हणजे 'अप्रतिम, याहून चांगलं काही नको'. मूळ शब्द इमारतीच्या रचनेचा, बांधणीचा. त्यावरून उत्तम बांधलेलं, त्यावरून उत्तम, त्यावरून 'एवढं पुरे', आणि त्यावरून 'नको'.

हे 'नको' मला पहिल्या महिन्यात फार नडलं. शेजारच्या आजींनी घरी बोलावलं, चहा संपत आला तशी किटली उचलून "ओकावारी इकागा देस का" विचारलं, म्हणजे आणखी देऊ का. मला आणखी हवा होता, मी हसून "केक्को देस" म्हटलं, छान आहे या अर्थाने. आजींनी किटली खाली ठेवली. मी परत म्हटलं "केक्को देस, केक्को देस", त्यांनी किटलीवर कापडाची टोपी घातली आणि ट्रे आत नेला. घरी आल्यावर नवऱ्याने सांगितलं काय झालं ते. पण "सोरे दे केक्को देस" म्हटलं की 'तेवढं चालेल, ठीक आहे' असा होकार होतो. आपल्याकडे 'पुरे' म्हणताना हात ताटावर आडवा धरतो तसा तिथेही केक्कोबरोबर हात हलतो, नवख्याने शब्दापेक्षा आधी हात बघावा.

ओसाकातला_सांगलीकर
भारी धागा. माझ्याकडनं दोन गोष्टी, एक जरा लांब आहे.

आपण मराठी लोक एक चूक हमखास करतो, ती इंग्रजी माध्यमवाले पण करत नाहीत. आपला 'खूप' दोन कामं करतो, खूप गोड पण आणि खूप खाल्लं पण, गुण पण आणि संख्या पण. जपानीत तोतेमो गुणाला चालतो, संख्येला नाही. मी पहिल्या वर्षी कंपनीच्या पार्टीनंतर "तोतेमो ताबेमाश्ता" म्हणायचो आणि समोरचा अर्धं वाक्य ऐकल्यासारखा थांबायचा, तोतेमो... काय? तिथे "ताकुसान ताबेमाश्ता". पण "तोतेमो त्सुकारेमाश्ता" एकदम बरोबर, कारण दमणं ही अवस्था आहे, त्यात कमीजास्त असतं. आणि 'खूप लोक होते' ला तर थेट "हितो गा ओकात्ता", तिथे वेगळा 'खूप' लागतच नाही. बोलताना सुगोकु मात्र दोन्हीकडे खपतो, सुगोकु ओइशी पण आणि सुगोकु ताबेता पण, म्हणून नवीन माणसाने मित्रांत सुगोकु धरावा.

हा सुगोइ म्हणजे आपला भयंकरच! मूळ अर्थ अंगावर काटा आणणारा, भीतीदायक. आपण 'भयंकर सुंदर' म्हणतो ना, तसंच तो घसरत घसरत कौतुकात आला. आता याबाइ त्याच वाटेवर आहे, मूळ धोक्याचा शब्द, पण पोरं रामेनचा पहिला घास घेतला की डोळे मोठे करून "याबाइ" म्हणतात. कॉलेजात आपण 'खतरनाक' म्हणायचो, तसंच.

दुसरी गोष्ट गावागावच्या 'लई'ची. इकडे ओसाकात सगळे मेच्चा, तो आता टीव्हीमुळे देशभर झालाय. नागोयाचा माणूस देरा म्हणतो, होक्काइदोचा नामारा, हिरोशिमाचा बुची, फुकुओकाचा बारी. आमच्या टीममध्ये होक्काइदोचा एक मुलगा आहे, वर्षभर एकदम पुस्तकी बोलायचा, एका थंडीच्या दिवशी बाहेर पडल्या पडल्या तोंडून "नामारा शिबारेरु" निघालं आणि सगळे हसले, तोही मोकळा झाला. मला तेव्हा एकदम घर आठवलं, मुंबईत पहिल्यांदा माझ्या तोंडून 'लई' निघाला होता तेव्हा असंच झालं होतं. क्लायंटला लिहिताना यातलं काही नको, पण जेवणाच्या टेबलावर समोरच्याच्या गावचा शब्द एकदा वापरून बघा, माणूस जवळ येतो.

एन२_सातारा
मला क्लासमध्ये सांगितलंय की झेनझेन नेहमी नकाराबरोबरच हवा, झेनझेन वाकारानाइ असं. मग लोक "झेनझेन दाइजोबु" म्हणतात ते चूक ना? परीक्षेत काय लिहू?

गोदाकाठ
चूकच आहे, आमच्या सरांनी पण सांगितलंय, आजकालच्या पोरांनी भाषा बिघडवली.

भाषांतरवाली
गोदाकाठ, इथे मात्र मी ठाम आहे, हे पोरांनी बिघडवलेलं नाही. मेइजी काळात (१८६८ ते १९१२), अगदी कादंबरीकार नात्सुमे सोसेकीच्या लेखनातसुद्धा झेनझेन होकारार्थी वाक्यात येतो, तेव्हा अर्थ 'पूर्णपणे'. 'नकाराशिवाय चालत नाही' हा समज नंतर पक्का झाला. आणि तोतेमोचा तर उलटाच प्रवास. तो 'तोतेमो काकुतेमो' म्हणजे 'असं केलं काय नि तसं केलं काय' मधून आला, आणि तोक्योत पूर्वी तोच नकाराबरोबर यायचा, "तोतेमो कानावानाइ", काही केल्या जमणार नाही. शंभरेक वर्षांपूर्वी लेखक अकुतागावा र्युनोसुकेने लिहून ठेवलंय की हे 'तोतेमो सामुइ' (खूप थंडी) वालं तोतेमो तोक्योत हल्ली हल्ली आलंय. आज तोच पहिल्या धड्यातला शब्द आहे! म्हणून 'बिघडली' म्हणायच्या आधी मी दहा वेळा विचार करते.

"झेनझेन दाइजोबु" मध्ये मोजपट्टी कोणाची आहे बघा. समोरचा काळजीत आहे, त्याला वाटतंय तुम्हाला त्रास झाला असेल, आणि तुम्ही म्हणता 'छे हो, अजिबात काही नाही'. आपल्या 'अजिबात'मधला नकार त्या वाक्यात न दिसता असतोच. सातारा, परीक्षेत मात्र शेपटीला नाइ असलेलाच पर्याय घ्या, तिथे वाद घालून मार्क मिळत नाहीत. अमारीचंही तेच, "अमारी सुकि जा नाइ". त्याला आपला 'फारसं' घट्ट धरा, 'मला फारसं आवडतं' असं आपण कधी म्हणतो का? नाही ना. फारसं आला की नाही येणारच, तसा अमारी.

गोदाकाठ
फारसं! हे कधी लक्षातच आलं नव्हतं. मागे घेते माझं वाक्य. 🙏

कानसाइ_लोकल
तुम्ही सगळे मोजपट्टी म्हणताय तर एक जागा अशी आहे जिथे हे शब्द खरोखर मिलिमीटरमध्ये मोजतात. जपानचं हवामान खातं. तासाला १० ते २० मिमी पाऊस असेल तर 'याया त्सुयोइ' (जरा जोराचा), २० ते ३० ला 'त्सुयोइ' (जोराचा), ३० ते ५० ला 'हागेशी' (तीव्र), ५० ते ८० ला 'हिजोनि हागेशी' आणि ८० च्या वर 'मोरेत्सुना आमे'. म्हणजे बातमीत हिजोनि ऐकलं तर तो बातमीदाराचा उत्साह नाही, आकडा आहे. वादळांचंही तसंच, वाऱ्याचा वेग सेकंदाला ३३ मीटर झाला की त्सुयोइ, ४४ ला हिजोनि त्सुयोइ, ५४ ला मोरेत्सु. पहिल्या वर्षी मी हिजोनिला नुसतं 'खूप' समजून छत्री घेऊन निघालो होतो, दहा मिनिटांत रस्त्यावर पोटरीइतकं पाणी, स्टेशनपर्यंत पोचलोच नाही. मुंबईच्या पावसात वाढल्यामुळे मला वाटायचं पाऊस काय तो पाऊस, पण आपल्याकडे भारतीय हवामान खातं २४ तासांचा हिशोब सांगतं, ६४.५ मिमीच्या वर जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार. तिकडचा आकडा तासाचा आहे, म्हणून छोटा वाटतो आणि फसवतो.

हिजोनि मधला हिजो म्हणजे 'नेहमीचं नाही ते'. स्टेशनवर हिरव्या पाटीवर पळणारा माणूस असतो ना, त्या संकटकाळच्या दाराला हिजोगुची म्हणतात, तोच हिजो. तेव्हापासून चहा 'हिजोनि ओइशी' आहे असं मी घरात म्हणत नाही, फार सूटबूट घातल्यासारखं वाटतं.

भाषांतरवाली
फार छान सांगितलंत! किवामेते तर त्याहून सूटबूटवाला, 'किवामेते मारे' म्हणजे अत्यंत दुर्मीळ, हे वैद्यकीय कागदांत माझ्यासमोर रोज येतं, बोलताना कोणाच्या तोंडी फारसा नाही. आणि ज्याच्या त्याच्या आवडीनिवडी असतात, गोकु घ्या, तो 'साधा', 'थोडा', 'दुर्मीळ' असल्यांबरोबर रमतो, गोकु फुत्सु, गोकु वाझुका. हानाहादा बहुतेक वाईटच बातमी घेऊन येतो, "हानाहादा इकान", अत्यंत खेदाचं.

मीठभाकर
एवढं सगळं मोठ्या शब्दांवर, पण आमचं नुकसान सगळ्यात लहान शब्दाने केलं. चोत्तोने. एका प्रोजेक्टमध्ये आम्ही तारीख पुढे ढकलायची विनंती केली, कॉलवर समोरचे गृहस्थ थोडा श्वास ओढून म्हणाले "सोनो नित्तेइ वा चोत्तो मुझुकाशी देस ने...". आमच्या लीडने मिनिट्समध्ये लिहिलं 'थोडं अवघड आहे, प्रयत्न करतील'. आम्ही आठवडाभर त्यांच्या प्रयत्नाची वाट बघत राहिलो. ते 'नाही' होतं. जुन्या तारखेला त्यांनी डिलिव्हरी मागितली आणि चार जण दोन रात्री घरी गेले नाहीत. नंतर मी ते रेकॉर्डिंग परत ऐकलं, वाक्य संपत नव्हतं, 'ने' नंतर लांब शांतता होती, आणि त्या शांततेत आमच्याकडून कोणीतरी 'थँक यू' म्हटलं होतं.

चोत्तो आला, वाक्य अर्धवट सुटलं आणि समोरचा गप्प झाला, तर तिथेच विचारून घ्या. 'मग मूळ तारखेलाच देऊ का?' असं सरळ. विचारायची लाज वाटून घेऊ नका, त्या दोन रात्रींनंतर मला तरी वाटत नाही.

एन२_सातारा
हे ऐकून वाईट वाटलं, पण लिहिलंत ते बरं झालं, मी पण चोत्तोला दहा टक्केच समजत होतो. अजून एक विचारू का, मोत्तो आणि झुत्तो? 'पुणे सापोरोपेक्षा खूप गरम आहे' याला मॉक टेस्टमध्ये मी मोत्तो लिहिलं आणि चुकलं.

ओसाकातला_सांगलीकर
मोत्तो म्हणजे 'अजून'. अजून म्हटलं की आधीचा पण गरम धरला गेला, म्हणजे सापोरो गरम आणि पुणे त्याहून गरम. सापोरोत तर हिवाळ्यात बर्फाचे पुतळे करतात. तिथे झुत्तो, म्हणजे 'कितीतरी'. दोघांत मोठं अंतर आहे एवढंच झुत्तो सांगतो. "पूने वा साप्पोरो योरी झुत्तो आत्सुइ". पण 'नागपूर गरम, चंद्रपूर अजून गरम' म्हणायचं असेल तर बिनधास्त मोत्तो.

पावसाळी_पुणेकर
अपडेट देतोय. शिडीचं पान वहीतून काढलं नाही, पण टक्के खोडले आणि प्रत्येक शब्दापुढे 'कशाच्या मानाने' असा रकाना केलाय. केक्कोपुढे माझी अपेक्षा, दाइबुपुढे आधीची स्थिती, झेनझेनपुढे समोरच्याची काळजी, हिजोनिपुढे नेहमीचं. तोतेमोपुढची जागा रिकामी आहे, तिथे मला कोणाशीच तुलना सापडली नाही, बहुतेक म्हणूनच तो पहिल्या धड्यात असावा.

आणि काल त्या सीनियर साहेबांना दुसरा मेल केला, "ताइहेन बेंक्यो नि नारिमाश्ता" लिहिलं आणि खाली डॉक्युमेंटमधल्या एका गोष्टीबद्दल प्रश्न विचारला, की सर्व्हर बंद पडला तर अर्धी झालेली ऑर्डर कुठे साठते. आज सकाळी उत्तर आलंय, पहिलंच वाक्य "नाकानाका सुरुदोइ शित्सुमोन देस ने". सुरुदोइ म्हणजे धारदार ना? हा नाकानाका कसा घ्यायचा, मी तीन वेळा वाचलं.

भाषांतरवाली
वरून खाली आलाय, म्हणजे शाबासकी आहे, निर्धास्त घ्या! तुमच्याकडून एवढ्या धारदार प्रश्नाची त्यांना अपेक्षा नव्हती, आणि तो आला म्हणून ते खूश आहेत. आरिगातो गोझाइमास लिहा आणि ब्रिज इंजिनियर ताईंना तो मेल दाखवा. आणि ऑर्डर साठते कुठे, ते सांगितलं का त्यांनी?

पावसाळी_पुणेकर
नाही ना ताई. पुढचं वाक्य आहे "सोको वा चोत्तो...", आणि मग तीन टिंबं. आज दुपारी कॉल लावलाय, सरळ विचारणार आहे.